गावाकडचा खांब का झुकला

अन्सेल्मा पाक्लेबला कुठेही उभा खांब दिसला की ती त्याला खांदा लावते. विजेचा खांब असो, चर्चच्या मांडवाचा बांबू असो, नाहीतर बसथांब्याची पाटी. ढकलते, सोडते, आणि मान कलती करून तो परत कसा येतो ते बघते. मेयरनं बांधलेल्या नव्या कमानीला तिनं भर समारंभात खांदा लावला होता. कमान हलली, भाषण थांबलं. "चालू द्या," सेल्मा म्हणाली, "आज काही पडत नाही."

मी इस्लाव. तिच्या हाताखाली जॅकचा पंप मारता मारता माझे केस पिकले. आमचं काम सांगितलं तर लोक हसतात. नदीच्या मुखाशी, समुद्राच्या काठाला, जिथे जिथे वाळूत पुलाचे किंवा जेट्टीचे खांब ठोकतात तिथे आम्ही जातो आणि ते खांब ढकलतो. वरून बसणारं ओझं खांब पेलेल की नाही याची काळजी सगळ्यांनाच असते. बाजूनं बोट धडकली, तुफानात लाट आडवी बसली तर तो किती झुकेल, हे फारसं कोणी विचारत नाही. सेल्मा तेवढंच विचारते. आधी हिशोब करून आकडा सांगते, मग ढकलून बघते. आकडा बरोबर आला की तिचा चेहरा पडतो. चुकला की स्वारी दिवसभर खुशीत.

लहानपणी, नदीवर जुना पूल बांधत होते तेव्हा ती शाळा बुडवून काठावर बसायची. घण खांबाच्या डोक्यावर आपटायचा, खांब वाळूत उतरायचा आणि दिसेनासा व्हायचा. खाली जाऊन तो काय करतो, हा तिचा प्रश्न. बाप म्हणाला, घरी चल. पाद्री म्हणाले, देवाला ठाऊक. ठोकणाऱ्या टोळीचा मुकादम होता एउस्ताकियो बातोऊन. आम्ही सगळे त्याला मनोंग ताक्यो म्हणतो, म्हणजे ताक्योदादा. त्यानं सिगारेट विझवली आणि म्हणाला, "मला नाही माहीत, पोरी. मी ठोकतो. खाली गेल्यावर तो काय करतो ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. तुला कळलं तर मलाही येऊन सांग."

एवढ्या मोठ्या माणसानं 'माहीत नाही' म्हटलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं ते मनावर घेतलं. बागिओला जाऊन इंजिनिअर झाली, काही वर्षं मनिलात नोकरी केली, आणि गावी परतली ती सामान खांद्याला तसंच ठेवून कॉफीच्या ठेल्यावर. ताक्यो तिथे बसला होता. तिनं साखरेच्या बरणीत चमचा उभा खुपसला आणि त्याचं वरचं टोक बोटानं ढकललं.

"बघा मनोंग. जोर वर लागतो, तर झटापटही वरच होते. खालची साखर जागची हलत नाही. खांबाला आडवं धरून ठेवते ती वरची वाळू, दोन-तीन हातांतली."

"म्हणजे मी इतकं खोल ठोकतो ते काय फुकट?"

"फुकट कसं? तोकडा ठोकलात तर अख्खाच कलंडेल, आणि कलंडला तो कलंडला. खोल असला की बूड जागेवर राहतं, वरचा भाग नुसता वाकतो. जोर सोडला की परत येतो."

"एवढं कळायला तुला बागिओला जावं लागलं," ताक्यो म्हणाला. पण त्यानंतर ठेल्यावर येईल त्याला तो बरणीत चमचा खुपसून दाखवू लागला. शेवटी ठेलेवालीनं बरणी उचलून आत ठेवली.

सेल्माचं लग्न झालंय. नवरा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातून एकदा घरी येतो. फोनवर बायका विचारतात, जेवलास का, तब्येत कशी आहे. ही विचारते, तिथल्या धक्क्याचे खांब जाड आहेत की बारीक, वाळू काळी आहे की पांढरी. बिचारा फोटो काढून पाठवतो. एकदा असा फोटो काढताना त्याला तिथल्या शिपायांनी तासभर बसवून ठेवलं होतं, ते तो अजून सांगतो.

गेल्या वर्षी आमच्याच गावाला मच्छीमारांची जेट्टी मंजूर झाली. खांब ठोकायचं काम ताक्योला मिळालं. त्याची सत्तरी उलटली होती. हे झालं की घण खाली ठेवणार, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चाचणीचे पहिले दोन खांब त्यानं ठोकले आणि मग वरचे कागद कुठेतरी अडकले. चार महिने ते दोन खांब नदीच्या मुखाशी वाळूत नुसते उभे होते. एक गावाच्या बाजूला, दुसरा नदीच्या बाजूला. ओहोटीला बुडाशी वाळू उघडी पडायची, भरतीला छातीएवढं पाणी.

कागद सुटले तसे आम्ही गेलो. आमची पद्धत साधी आहे. दोन खांबांच्या मध्ये जॅक आडवा बसवायचा आणि दोघांना एकमेकांपासून दूर ढकलायचं. जोर दोघांना सारखाच बसतो. प्रत्येक खांबाला एक डायल लावायचं, घड्याळासारखं, आणि खांब किती मिलिमीटर सरकला ते ओरडून सांगायचं. आणि एक रीत आहे. पंप सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपापला आकडा सांगायचा. ज्याचा सगळ्यात जास्त चुकेल त्यानं दुपारचं जेवण रांधायचं. तोवर सेल्माला एकदाही चूल पेटवावी लागली नव्हती, आणि ते आमचं नशीब.

त्या दिवशी प्रांताच्या कचेरीतून लागास्का नावाचा तरुण इंजिनिअर आला होता. इस्त्रीचा शर्ट, बुटांत वाळू, पण पोरगा सभ्य. त्यालाही आम्ही आकडा विचारला. "वीस," तो म्हणाला. मी म्हणालो पंचवीस. सेल्मा म्हणाली, "अठरा. दोन्ही."

मी पंप मारत गेलो. पूर्ण जोर लागला तेव्हा नदीकडचा खांब एकोणीस मिलिमीटर सरकला होता. गावाकडचा एक्केचाळीस.

मी पंप सोडून उभा राहिलो. सेल्मानं दुसरं डायल लावलं, जोर काढून पुन्हा लावला. तेच. तिचे डोळे असे चमकत होते की मला राग आला. ताक्यो तिथेच दहा पावलांवर उभा होता, आणि तो काही चमकत नव्हता.

लागास्का त्याच्याकडे गेला. "मनोंग, दोन्ही खांब सारख्याच लांबीचे आहेत ना?"

"सारखे."

"ठोकताना एखादा अडला, वरून कापला, असं काही?"

"मी ठोकायला लागलो तेव्हा तुझा बाप शाळेत होता," ताक्यो म्हणाला. "अडला असता तर सांगितलं असतं."

लागास्काचंही खोटं नव्हतं. प्रांतात दुसरीकडे एका पुलाखाली निम्मे खांब तोकडे निघाले होते. लोखंडाचा आणि सिमेंटचा पैसा कोणाच्या तरी घराच्या गच्चीत गेला होता. "मी कोणावर आळ घेत नाही," तो म्हणाला, "पण तपासाशिवाय काम पुढे नेता येणार नाही." लांबी मोजणारं यंत्र मनिलाहून यायचं, त्याला दीड-दोन महिने. तोवर काम बंद, टोळी घरी.

रीतीप्रमाणे जेवण सेल्माला करावं लागलं. भात करपला, वांग्या-भेंडीच्या कालवणात बागोओंग, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं खारं, इतकं पडलं की खारट म्हणवेना. तिचं लक्षच नव्हतं. ताट बाजूला सारून तिनं करपलेल्या भातात डाव उभा केला आणि ढकलत बसली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, ताक्योनं खांब कापला. गावाला एवढं पुरे होतं. त्याच्या पोराच्या घराला नवीन पत्रे पडले होते, ते कुठून आले याचा छडा एका दिवसात लागला. ताक्यो कॉफीच्या ठेल्यावर येईनासा झाला. रविवारी चर्चमध्ये तो नेहमी पुढच्या बाकावर बसायचा, आता दाराशी उभा राहू लागला. एवढी वर्षं वाळूत खांब घातले आणि शेवटच्या कामाला नाव गेलं, हे त्याला सोसवत नव्हतं. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "इस्लाव, यंत्र येईल, लांबी बरोबर निघेल, सगळं होईल. पण दोन महिन्यांत लोकांची जीभ वळलेली असते. मग ती सरळ होत नाही."

सेल्मानं त्याच्या बाजूनं बोलून उपयोग नव्हता. ताक्यो तिला बापाच्या जागी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लागास्का सरळच म्हणाला, "मॅडम, तुमचा शब्द मी मानला तरी कचेरी मानणार नाही."

"माझा शब्द नकोच," सेल्मा म्हणाली. "पण एक सांगा. जोर सोडल्यावर तो खांब कुठे गेला?"

"बराचसा परत आला."

"तोकडा असता तर कललेलाच राहिला असता. याचं बूड पक्कं आहे. जे काही बिघडलंय ते वर बिघडलंय."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर ती एक लांब सळई घेऊन गेली. नदीकडच्या खांबाशी सळई वीतभर गेली आणि अडली. गावाकडच्या खांबाशी, गावाच्या अंगाला, ती शिजल्या भातात बोट जावं तशी कमरेइतकी आत गेली. वरून वाळू अगदी सपाट, दोन्हीकडे सारखी. सेल्मानं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मला सांगायला लाज वाटत नाही, मी घाबरलो. आमच्याकडे नदीच्या मुखाशी काय काय राहतं याच्या गोष्टी मी आजीकडून ऐकल्या आहेत.

"कोणीतरी इथली वाळू रोज मोकळी करतंय," ती म्हणाली, "आणि भरती रोज खड्डा भरून वर हात फिरवून जातेय. नुसती भरलेली वाळू. तिला काय जोर?"

"पण कोण?"

"बसू या. येईलच."

आम्ही उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसलो. पाणी गुडघ्याखाली उतरलं तशा गावातून बायका आल्या, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढायला. आमच्याकडे तिसऱ्या पायांनी शोधतात. पाण्यात उभं राहून टाचा वाळूत घुसवायच्या आणि कंबर घुसळत फिरायचं. पायाला शिंपली लागली की वाकून कोपरापर्यंत हात घालायचा. तरण्या पोरी कुठेही उभ्या राहतात. म्हाताऱ्यांना धरायला काहीतरी लागतं.

पाऊलवाटेनं उतरलं की पहिला लागतो तो गावाकडचा खांब. सगळ्यात पुढे होती नानांग सिना, सेल्माची आई. तिनं खांबाला डावा हात टेकला, टाचा रोवल्या आणि घुसळायला सुरुवात केली. मागून आणखी चार-पाच जणी आल्या. खांबाला धरून, तोंडाचा पट्टा चालू ठेवून, सगळ्या गावाकडच्या अंगाला गोल गोल फिरत होत्या. पलीकडे प्रवाह ओढतो म्हणून नदीकडच्या खांबाकडे कोणी फिरकत नव्हतं.

सेल्मा इतकी हसली की होडीला धरून बसावं लागलं. मग उठून पाण्यात गेली.

"नानांग, इथे कधीपासून येताय?"

"खांब ठोकल्यापासून. का? देवानं म्हातारपणी एक आधार दिला तर तोही तुझ्या डोळ्यांत खुपतो?"

"देवानं नाही, मनोंग ताक्योंनी दिला."

"त्या कापाकापीवाल्याचं नाव नको काढू," नानांग सिना म्हणाली, आणि टाच आणखी आत घातली. "तेच तर बोलत होतो आम्ही. बघ, हातानं ढकलला तरी हलतोय."

"हलतोय कारण तुम्ही त्याच्या गळ्याखालची वाळू काढून घेतलीत."

म्हातारीला ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं खांबावरचा हात काढला आणि लगेच तोल गेला म्हणून पुन्हा ठेवला.

सेल्मानं लागास्काला बोलावून सळई हातात दिली. त्यानं स्वतः खुपसून पाहिलं. पटलं, पण अर्धंच. "वाळू मोकळी आहे हे दिसलं," तो म्हणाला. "पण खांबही तोकडा असू शकतो. दोन्ही असू शकतं." मग काठावरच्या टोपल्यांकडे बघून म्हणाला, "आणि तसंही, जेट्टी झाली की हे बंद करावं लागेल. कुंपण घालू."

"कुंपण पहिल्या तुफानात जाईल. बायका नाही जाणार," सेल्मा म्हणाली. "त्यापेक्षा ती वरची वाळू हिशोबातूनच काढून टाका. आपली नाहीच असं समजा. रांगेत एकेक खांब जादा पडेल, पडू दे."

"आणि मनोंगच्या खांबाचं काय?"

सेल्मानं मान कलती केली. "दोन्हीकडची वाळू सारखी मोकळी करू. मग पुन्हा ढकलू. खांब तोकडा असेल तर गावाकडचा आताही पुढे पळेल. अख्खा असेल तर दोघं बरोबरीनं चालतील. डायल तुम्ही वाचा."

त्यानंतर जे झालं ते आमच्या गावात पुन्हा होणार नाही. अमावास्येच्या मोठ्या ओहोट्या लागल्या होत्या. सेल्मानं बायकांना नदीकडच्या खांबाकडे नेलं. प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून दोन खांबांमध्ये दोर बांधला. काही दिवस रोज त्या दोराला धरून टाचांनी, करवंट्यांनी, जमेल तशी तिथली वाळू उपसत होत्या, आणि भरती ती भरत होती. तिसऱ्या भरपूर निघाल्या, त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती. लागास्का बूट काढून रोज सळई खुपसायचा. "अजून," म्हणायचा. शेवटी एके दिवशी दोन्हीकडे सळई सारखीच खोल गेली.

चाचणीच्या दिवशी अख्खं गाव काठावर. ताक्योला मी घरून ओढून आणला. तो त्या उलट्या होडीवर खांबांकडे पाठ करून बसला. आम्ही आकडे सांगितले. सेल्मा म्हणाली, "पंचेचाळीस. दोन्ही." पण जॅकपाशी येऊन माझ्या कानात पुटपुटली, "एकदा ढकललेली वाळू पुन्हा तशीच वागेल याची खात्री नाही रे. दोघांत फरक पडला तर मी त्यांना काय सांगू?" इतक्या वर्षांत तिला आकडा चुकायची भीती वाटलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मी पंप मारू लागलो. नदीकडच्या डायलवर आमचा माणूस, गावाकडच्या डायलपाशी लागास्का ओल्या वाळूत गुडघे टेकून. दहा, दहा. एकोणीस, अठरा. तिशीच्या पुढे गावाकडचा थोडा पुढे गेला आणि काठावर कुजबुज झाली. मी हात आवरला नाही. पूर्ण जोर लागला.

"चव्वेचाळीस," नदीकडून आवाज आला.

लागास्का डायलला नाक लावून बसला होता. "पंचेचाळीस," तो म्हणाला.

होडीवरून ताक्यो म्हणाला, "मोठ्यानं."

लागास्का उठला. काठाकडे तोंड करून हजेरी घेतल्यासारखा ओरडला, "गावाकडचा पंचेचाळीस. नदीकडचा चव्वेचाळीस. खांब अख्खा आहे. मनोंग ताक्योंनी पूर्ण ठोकलाय."

काठावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत होते, कारण बोलले सगळेच होते. नानांग सिना कमरेपर्यंत भिजलेली तशीच होडीपाशी गेली.

"मीही बोलले होते," ती म्हणाली. "त्या खांबापाशी उभी राहूनच."

"ठाऊक आहे," ताक्यो म्हणाला. "बोललात, पण चार महिने धरायला माझाच खांब लागला ना?"

शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज फुटला. तो तोंड झाकून घेऊ लागला. आम्ही पुरुष जॅकची नळी गुंडाळायला लागलो. सेल्मा मात्र जाऊन त्याच्या शेजारी होडीवर बसली, आणि तिची आई त्याच्या दुसऱ्या बाजूला, ओल्या कपड्यांनिशी.